नोकरी सांभाळून घराच्या आवारात घोडा पाळता येतो का? आधी दिवसाचं गणित मांडून बघा

इन्स्टाग्राम उघडलं की पाच-दहा रीलमागे एक घोडा दिसतोच. फार्महाऊसचं गेट, पांढरीशुभ्र घोडी, मागे एखादं दमदार गाणं आणि खाली शेकडो कमेंट : "भावा, आपल्याला पण घ्यायचाय!"

घ्यायला फारसं अवघडही नाही. दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला तापीच्या काठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मार्गशीर्षातच नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांची खरेदी-विक्री होते. अकलूजचा घोडेबाजारही प्रसिद्ध आहे. मारवाडी, काठियावाडी अशा उमद्या जातींचे घोडे तिथे दिसतात. भीमा खोऱ्यातला, मराठ्यांच्या घोडदळाशी नाव जोडलेला काटक 'भीमथडी' घोडाही आता देशातल्या नोंदणीकृत जातींच्या यादीत आला आहे. हौस असेल आणि गाठीला पैसे असतील, तर रविवारी घोडा दारात येऊ शकतो.

खरा प्रश्न सोमवारी सकाळी सुरू होतो. साडेआठला ऑफिसला निघायचं, संध्याकाळी सातला परत यायचं. मधल्या साडेदहा तासांत घोड्याचं काय?

शहराच्या कडेला थोडी जागा आहे, नोकरी सोडायची नाही आणि घोडा मात्र आपल्याच आवारात हवा, अशा माणसाने कोणता हिशेब करायला हवा, ते पाहूया.

घोड्याचं पोट ऑफिसच्या वेळा पाळत नाही

गाय-म्हैस पोटभर खाते आणि मग निवांत रवंथ करत बसते. घोडा रवंथ करत नाही. शरीराच्या मानाने त्याचं जठर लहान असतं, साधारण ८ ते १५ लिटरचं. माळरानावर दिवसभर थोडं थोडं चरत राहायचं, अशीच त्याची घडण आहे. मोकळा सोडलेला घोडा दिवसातले १४ ते १६ तास चरण्यात घालवतो.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. माणसाच्या पोटात आम्ल मुख्यतः जेवणाच्या वेळी वाढतं. घोड्याच्या जठरात ते चोवीस तास पाझरत असतं. वैरण चावताना सुटणारी लाळ त्या आम्लाला आवर घालते. वैरण संपली की लाळ थांबते, आम्ल मात्र सुरूच राहतं. म्हणून घोड्याचं पोट सलग चार ते सहा तासांपेक्षा जास्त रिकामं राहू नये, असं पशुवैद्य सांगतात. तसं रोज होत राहिलं तर जठरात व्रण होतात आणि पोटशूळाचा, म्हणजे कॉलिकचा धोका वाढतो.

आता हे आकड्यांत बघा. ३५० किलोच्या घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे रोज ५ ते ७ किलो कोरडी वैरण लागते. एक किलो वाळलं गवत खायला घोडा साधारण ४० मिनिटं घेतो. साडेआठला निघताना ३ किलो गवत टाकलं, तर साडेदहा-अकरापर्यंत त्याचा फडशा पडतो. तुम्ही सातला परत येईपर्यंत आठ तास पोट रिकामं.

सकाळी जास्त खुराक देऊन ही भरपाई होईल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. हरभरा, ओट, जव यांसारखं धान्य घोडा दहा-पंधरा मिनिटांत संपवतो. एका वेळी दोन किलोच्या वर धान्य दिलं, तर ते नीट न पचता मोठ्या आतड्यात जातं, तिथे आंबतं, आणि मग पोटशूळ किंवा खुरांचा लॅमिनायटिस मागे लागतो. नोकरदाराच्या घोड्याला सकाळचा मोठा खुराक नको असतो. त्याला दुपारची वैरण हवी असते.

नऊ ते सहा नोकरी असेल तर दिवस कसा जातो?

एका घोड्यासाठी साधारण असं वेळापत्रक बसतं :

- पहाटे साडेपाच ते साडेसहा : घोड्याकडे नीट एक नजर टाकणं, पाणी बदलणं, वैरण टाकणं, लीद काढणं, खूर साफ करणं, खरारा करणं.
- सकाळी साडेआठ : निघण्यापूर्वी वैरणीचा मोठा वाटा, पाण्याची टाकी भरलेली आहे ना ते पाहणं.
- दुपारी साडेबारा ते एक : वैरण आणि पाणी. हे काम दुसऱ्या कुणीतरी करायचं.
- संध्याकाळी सात ते सव्वाआठ : लीद काढणं, फिरवणं किंवा स्वारी, अंग पुसणं, ठरलेला खुराक.
- रात्री दहा : शेवटची वैरण, शेवटची नजर.

दुपार सोडली तरी रोजचे अडीच तास झाले. आठवड्याचे साडेसतरा तास, म्हणजे ऑफिसच्या दोन पूर्ण दिवसांएवढं काम. त्याला रविवार नाही, दिवाळी नाही, ताप आला म्हणून रजा नाही. गणपतीला कोकणात जायचं असेल, तरी आधी घोड्याची सोय आणि मग रेल्वेचं तिकीट.

एमआयडीसीत फिरत्या शिफ्ट करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. घोड्याला ठरलेल्या वेळेची सवय असते. एका आठवड्यात पहाटे पाचला आणि पुढच्या आठवड्यात सकाळी नऊला वैरण, हे त्याला मानवत नाही. अशा घरात वैरणीच्या वेळा कायम ठेवायच्या आणि माणसं बदलायची.

दुपारचा माणूस कोण?

नोकरी आणि घोडा दोन्ही जमणार की नाही, हे बहुतेक वेळा याच प्रश्नावर ठरतं.

इतिहासातही घोडेस्वार सगळं एकटा करत नव्हता. शिवाजी महाराजांच्या पागेत दर २५ बारगिरांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद असे. पाण्याचा वेगळा माणूस, खुरांचा वेगळा माणूस. हातात दुसरं काम असलेल्या माणसाला घोड्याचं सगळं एकट्याने निभत नाही, हे त्या व्यवस्थेत गृहीतच धरलेलं होतं.

आज तीन मार्ग दिसतात.

पहिला म्हणजे पूर्ण वेळचा मोतद्दार. एकाच घोड्यासाठी हा खर्च जड जातो. दोन-तीन घोडेवाले शेजारी असतील, तर मिळून एक माणूस ठेवता येतो. त्याचा पगार, साप्ताहिक सुट्टी आणि सुट्टीच्या दिवशीचा बदली माणूस हे आधीच ठरवून ठेवावं. घोड्याची लाथ किंवा चावा लागणं हे या कामातलं रोजचं जोखमीचं अंग आहे. त्यामुळे त्याचं धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अपघात विमा या मालकाच्या जबाबदाऱ्या आहेत.

दुसरा मार्ग अर्धवेळ मदतनिसाचा. जवळच्या गोठ्यावर काम करणारा एखादा माणूस दुपारी अर्धा तास येऊन जाऊ शकतो. पण त्याला घोडा हाताळायला शिकवावं लागतं. गाई-म्हशींची आयुष्यभर सवय असलेला माणूसही घोड्याच्या मागून नकळत जातो आणि लाथ खातो.

तिसरा मार्ग घरातल्या माणसांचा. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. हौस एकाची असते आणि दुपारची वैरण न विचारता घरातल्या बाईच्या किंवा म्हाताऱ्या वडिलांच्या गळ्यात पडते. सव्वातीनशे-साडेतीनशे किलोचं, दचकणारं जनावर सांभाळणं हे गॅसवरचं दूध बघण्याइतकं सोपं नाही. घरच्यांनी मनापासून हो म्हटलं असेल आणि त्यांना घोडा हाताळता येत असेल, तरच हा मार्ग धरावा.

मोबाईलवर दिसणारा सीसीटीव्ही कामाचा आहे. बारीक भोकांची वैरणीची जाळी लावली, तर घोडा गवत सावकाश ओढून खातो आणि तीच वैरण जास्त वेळ पुरते. टाकीला तरंगता बॉल कॉक बसवला की पाणी आपोआप भरत राहतं. पण वीज गेली की मोटर बंद, आणि कॅमेऱ्यात घोडा लोळताना दिसला तरी ऑफिसातून त्याला उठवता येत नाही. दहा-पंधरा मिनिटांत पोहोचेल असा माणूस जवळ नसेल, तर कॅमेरा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

एकटा घोडा सुखी नसतो

घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. झोपेतसुद्धा त्याला पहारेकरी लागतो. तो उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवं व्हावं लागतं, आणि सुरक्षित वाटलं तरच तो आडवा होतो.

मालक दिवसभर बाहेर आणि घोडा चार भिंतींत एकटा, अशी स्थिती राहिली की काही घोडे लाकूड कुरतडू लागतात, काही एका जागी डुलत राहतात, काही तबेल्यात गोल गोल फिरतात. गावाकडे याला 'खोड' म्हणतात. बऱ्याचदा हा एकटेपणाचा, रिकाम्या वेळेचा आणि कमी वैरणीचा परिणाम असतो.

यावर चांगला उपाय म्हणजे दुसरा घोडा. पण मग वैरण, लीद, नालबंद सगळंच दुप्पट. ते शक्य नसेल तर तट्टू, गाढव किंवा निदान शेळी सोबतीला ठेवतात. घोड्याची जागा शेळी पूर्णपणे भरून काढत नाही, पण रिकाम्या आवारापेक्षा तिची सोबत बरी.

जागा किती लागते?

घोड्याला बांधायला किमान १२ फूट बाय १२ फुटांचा, उंच छपराचा, हवेशीर तबेला लागतो. छोट्या तट्टाला १० बाय १० पुरतो. खाली मुरमाची घट्ट जमीन आणि वर भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा अंथरतात. नुसत्या कोब्यावर घोडा घसरतो आणि बसायला कचरतो.

तबेल्याएवढंच मोकळं आवार महत्त्वाचं. रोज काही तास घोडा सुटा फिरायला हवा. आगाडी-पिछाडी लावून दिवसभर एका जागी बांधलेल्या घोड्याचे पाय सुजतात आणि आतड्यांची हालचालही मंदावते. काही गुंठ्यांचं पक्कं कुंपण घातलेलं आवार फिरण्यासाठी चालतं. फक्त चरण्यावर घोडा जगवायचा, तर एका घोड्यामागे एकरभर तरी चांगलं कुरण लागतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक भागांत हिवाळा सरता सरता माळावरचं गवत संपतं, त्यामुळे वर्षातले अनेक महिने वैरण विकतच घ्यावी लागते. कुंपणाला काटेरी तार लावू नये. घाबरलेला घोडा तिच्यात अडकला की कातडीसह स्नायू फाटतात.

लिदीचं गणितही जागेतच येतं. मध्यम घोडा रोज सुमारे १५ किलो लीद टाकतो. महिन्याला साडेचारशे किलो, वर्षाला पाच टनांच्या वर. शेत असेल तर हे उत्तम खत. नसेल तर शेजाऱ्यांशी भांडणाचं कायमचं कारण. लिदीवर माश्या होतात, म्हणून उकिरडा तबेल्यापासून आणि विहिरीपासून दूर हवा.

महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत जनावर पाळण्याचे नियम असतात. घोडा आणण्यापूर्वी स्थानिक कार्यालयात चौकशी करून लागेल ती परवानगी घ्यावी. शिवाय १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं किंवा आखूड दोराने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. "ऑफिसमुळे वेळ मिळाला नाही" ही सबब तिथे उपयोगाची नाही.

वैरण : वर्षाचा साठा एकदाच

रोज ७ किलो म्हणजे वर्षाला अडीच टन वैरण. नोकरदार माणसाने ती दर आठवड्याला शोधत फिरायचं म्हटलं, तर सगळे रविवार त्यातच जातील. रब्बी ज्वारी निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, कडब्याची आवक जास्त असते. तेव्हाच शेकड्याच्या हिशेबाने पेंढ्या घेऊन कोरड्या जागी, जमिनीपासून उंचावर रचून ठेवणं सोयीचं पडतं. नुसता कडबा जाड आणि कमी कसाचा असतो. त्याची कुट्टी करावी, सोबत वाळलेलं बारीक गवत, हरळी, थोडा लसूणघास द्यावा आणि पाणी भरपूर ठेवावं.

वैरणीच्या साठ्याचं महत्त्व सांगणारं शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. १६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्करी अधिकाऱ्यांना ते पाठवलेलं आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच बेहिशेबी उडवली, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमचा असेल, असा इशारा त्यात आहे. दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गवताची गंजी पेटेल, इतका बारीक धोकाही त्यात सांगितला आहे. साडेतीनशे वर्षांनंतर वैरणीच्या खोलीत विडी-सिगारेट आणि उघड्या वायरी नकोत, हे सांगायला वेगळ्या तज्ज्ञाची गरज नाही.

गाई-म्हशींना चालतं ते घोड्याला चालेलच असं नाही. या तीन गोष्टी दुपारच्या माणसाला पाठ हव्यात :

- गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या तयार खाद्यात काही वेळा मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असतं. गुरांना ते चालतं. घोड्यात मात्र थोड्या प्रमाणातही ते हृदयाचे स्नायू निकामी करतं.
- बुरशी लागलेला मका किंवा वैरण घोड्याला अजिबात देऊ नये. मक्यावरच्या काही बुरशींच्या विषाने घोड्याच्या मेंदूला इजा होते.
- संकरित नेपियर, म्हणजे हत्तीगवत, गोठ्यात सर्रास असतं. त्यातल्या ऑक्झलेटमुळे घोड्याला कॅल्शियम मिळत नाही. महिनोन्‌महिने केवळ त्याच्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडं कमजोर होतात.

पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं. उन्हाळ्यात आणि घाम गाळल्यावर त्याहून जास्त.

आठवडाभर विश्रांती, शनिवारी दौड : हा धोका ओळखा

सोमवार ते शुक्रवार वेळ नाही, मग शनिवारी सकाळी घोडा काढायचा आणि दोन तास पळवायचा, हा नोकरदाराचा नेहमीचा बेत असतो. घोड्यासाठी तो घातक ठरू शकतो.

घोडे गाड्या आणि नांगर ओढत, त्या काळात युरोपात 'मंडे मॉर्निंग डिसीज' नावाचा आजार ओळखीचा होता. सहा दिवस काम करणारा घोडा रविवारी तबेल्यात उभा राही, दाणा मात्र रोजच्याएवढाच खाई. सोमवारी कामाला जुंपला की थोड्याच वेळात त्याचे मागचे स्नायू दगडासारखे कडक होत, घाम फुटे आणि लघवी कॉफीच्या रंगाची होई. स्नायू तुटून त्यातले घटक रक्तात उतरल्याचं ते लक्षण. मूत्रपिंड निकामी होऊन घोडा दगावतही असे.

आजच्या नोकरदाराच्या घोड्याला एका दिवसाऐवजी पाच दिवसांची विश्रांती मिळते आणि मग दौड. म्हणून ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी धान्य कमी करायचं, वैरण तीच ठेवायची. आठवड्यात निदान तीन-चार दिवस अर्धा तास तरी हाताने चालवणं किंवा लांब दोरीवर फिरवणं हवं. शनिवारी स्वारी करताना पहिली पंधरा-वीस मिनिटं फक्त चाल. स्नायू आखडल्याची शंका आली तर स्वारी तिथेच थांबवायची, घोड्याला ओढत घरी न्यायचं नाही आणि डॉक्टरांना बोलवायचं.

कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवायची कामं

- खूर : नाल असो वा नसो, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद हवा. चांगले नालबंद मोजके असतात आणि गावोगाव फिरतात. त्यामुळे पुढची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्यावी.
- दात : घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि कडांना धारदार होतात. वर्षातून एकदा तपासून घासून घ्यावे लागतात. तोंडातून अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे पडत असतील तर लवकर दाखवावं.
- लस : धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतातच, आणि घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. धनुर्वात आणि रेबीज या लशी पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित द्याव्यात.
- जंत : दर वेळी डोळे झाकून औषध देण्यापेक्षा लिदीची तपासणी करून द्यावं, नाहीतर औषध लागू पडेनासं होतं.

बाजारातून घोडा घेताना ग्लँडर्सची चाचणी झाली आहे का, हे आवर्जून विचारावं. नाकातून पू येणं, अंगावर गाठी येऊन फुटणं ही त्याची लक्षणं. हा रोग माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. त्यावर लस नाही. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासणी होते आणि रोग पक्का ठरला तर २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याखाली घोड्याला दयामरण द्यावं लागतं. नवा घोडा आणल्यावर पहिले दोन-तीन आठवडे तो इतर जनावरांपासून वेगळा ठेवावा.

दुपारी फोन आला तर?

"घोडा सारखा लोळतोय." मीटिंग सुरू असताना येणारा हा फोन प्रत्येक घोडेमालकाने गृहीत धरावा.

पोटशूळाची लक्षणं अशी : पुढच्या पायाने जमीन उकरणं, वळून कुशीकडे बघणं, सारखं बसणं-उठणं, लोळणं, घाम, वैरणीला तोंड न लावणं, लीद बंद होणं. घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे पोटात वायू किंवा खाणं अडकलं की सुटकेचा मार्ग नसतो आणि काही तासांत प्रकृती हाताबाहेर जाऊ शकते.

घरी असलेल्या माणसाने पुढची वैरण काढून घ्यावी, डॉक्टरांना फोन करावा आणि घोडा शांत असेल तरच हळूहळू चालवावं. दोन गोष्टी करू नयेत. बाटलीने किंवा नळकांड्याने तोंडात तेल ओतू नये, ते फुप्फुसात जाऊन घोडा दगावू शकतो. आणि डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक देऊ नये, कारण त्याने लक्षणं झाकली जातात.

फोनवर डॉक्टर आकडे विचारतात. निरोगी, विसावलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. हे आकडे तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवावेत आणि दुपारच्या माणसाला ते मोजायला शिकवावं.

घोड्यांचे अनुभवी डॉक्टर प्रामुख्याने मुंबई-पुण्याकडे, रेसकोर्सच्या आसपास आहेत. मुंबईत परळला आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इतरत्र तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि १९६२ या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाच्या हेल्पलाइनचा आधार असतो. घोडा आणण्यापूर्वी दोन डॉक्टरांचे नंबर हवेत. रात्री-अपरात्री गाडीत घालून नेणारा टेम्पोवालाही आधीच ठरवलेला असावा.

ऋतू बदलला की वेळापत्रकही बदलतं

पावसाळ्यात आवाराचा चिखल होतो, खुरांच्या तळव्यात सड लागते आणि चावऱ्या माश्या सऱ्यासारखे रक्ताचे रोग पसरवतात. ओल्या लिदीत उभा राहणारा घोडा लवकर लंगडतो, म्हणून या दिवसांत रोजच्या कामात अर्धा तास वाढवून धरावा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा तबेला दुपारी भट्टी होतो. वर पाचट किंवा पेंढा टाकणं, झाडाची सावली आणि दुपारचं ताजं पाणी तिथे जीव वाचवतात. दिवाळीत फटाक्यांनी बुजलेला घोडा कुंपण तोडून रस्त्यावर येऊ शकतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मालक घरीच हवा.

मग जमतं कुणाला?

ज्यांचं घर आणि तबेला एकाच आवारात आहे, नोकरीचं ठिकाण अर्ध्या तासाच्या आत आहे, दुपारचा भरवशाचा माणूस आहे आणि त्याला पर्याय म्हणून आणखी एक माणूस आहे, त्यांना जमतं. गावातला शिक्षक, साखर कारखान्यातला कर्मचारी, आठवड्यातले काही दिवस घरून काम करणारा इंजिनिअर असे लोक हा मेळ बसवू शकतात. रोजचे तीन तास प्रवासात जाणारा, एकटा राहणारा किंवा वारंवार बदलीची नोकरी असणारा माणूस मात्र पहिल्याच पावसाळ्यात थकतो.

थकलेल्या मालकाचा घोडा पुढे कुठे जातो, हेही आधी लक्षात घ्यायला हवं. चांगली निगा राखलेला घोडा २५ ते ३० वर्षं जगतो. तिशीत पाच वर्षांचा घोडा घेतला, तर मालक पन्नाशीला पोहोचेपर्यंत तो दारात असणार. नोकरी बदलेल, मुलं होतील, आई-वडील म्हातारे होतील. मधेच विकलेला, वय झालेला किंवा लंगडा घोडा फार चांगल्या घरी जात नाही. तो हातोहात विकला जातो आणि प्रत्येक विक्रीत त्याचे हाल वाढतात.

म्हणून सारंगखेड्याची गाडी पकडण्यापूर्वी एक साधी परीक्षा घेता येते. जवळच्या घोडेस्वारी क्लबमध्ये किंवा ओळखीच्या तबेल्यावर सलग एक महिना, नोकरी सांभाळून, रोज पहाटे आणि रात्री लीद काढण्यापासून सगळं काम करून बघा. त्यात एक पावसाळी आठवडा असला तर उत्तम. महिना निभावला आणि तरीही हौस टिकली, तर दुपारचा माणूस शोधायला लागा. नाही निभावला, तरी काही बिघडत नाही. क्लबमध्ये स्वारी करता येते, दोघा-तिघांत मिळून घोडा ठेवता येतो, किंवा स्वतःचा घोडा पैसे भरून क्लबच्या तबेल्यात ठेवता येतो. तिथे दुपारी साडेबाराला वैरण टाकणारा माणूस आधीच हजर असतो.